प्रार्थनेचे उत्तर ‘नाही’ असे येते, तेव्हा कृपा कोठे शोधावी?

सीनाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना जय ख्रिस्त. एखाद्या मागणीसाठी घराने आणि मंडळीने मनापासून, उपास करून, रात्री जागून प्रार्थना केली आणि तरीही ती मान्य झाली नाही, तर मागे राहिलेल्या माणसाने देवाच्या कृपेविषयी काय म्हणावे, हा या धाग्याचा विषय आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही आस्था असेल तर त्यांनी अवश्य लिहावे.

माझी धाकटी बहीण मूत्रपिंडाच्या विकाराने बराच काळ आजारी होती. डायलिसिस, मूत्रपिंड देणाऱ्याचा शोध, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, पैशांची जुळवाजुळव, या सगळ्यांतून जाताना आमच्या मंडळीने तिच्यासाठी उपास-प्रार्थना चालवली होती. ती गेली. दफनविधीनंतर घरी भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यांनी, मनात काही वाईट नसताना, ‘कोठेतरी विश्वास कमी पडला असावा’ असे म्हटले. ते वाक्य माझ्या मेहुण्यांच्या कानी गेले आणि त्यानंतर त्यांनी उपासनेला येणे थांबवले. त्या व्यक्तीवर राग काढण्यासाठी मी लिहीत नाही. परंतु हे वाक्य आपल्या मंडळ्यांत फार सहज उच्चारले जाते आणि ते पवित्र शास्त्राला धरून नाही असे माझे ठाम मत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रेषित पौलाचेच पाहा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो सांगतो की त्याच्या शरीरात एक काटा होता आणि तो दूर व्हावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. त्याला मिळाले ते एवढेच वाक्य : ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ इफिसात ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक आजाऱ्यांवर ठेवत आणि आजारी बरे होत, तोच हा पौल. पुढे तीमथ्याला पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो अगदी जाता जाता लिहितो की आपला सहकारी त्रफिम याला आपण मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले, आणि पहिल्या पत्रात तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. पौलाचा विश्वास कमी पडला असे आपल्यापैकी कोणी म्हणणार आहे का?

विश्वासाचे माप लावणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय सावकाश वाचावा अशी माझी विनंती आहे. हेरोद राजाने प्रेषित याकोबाला तरवारीने मारले, आणि त्याच अध्यायात पेत्राची साखळदंडांतून सुटका झाली. मंडळी तीच, शहर तेच, राजा तोच. पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करत होती असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. याकोबासाठी तिने केली नसेल असे मानायला मला काही कारण दिसत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पेत्र सुटून दाराशी आला आणि रुदा नावाच्या मुलीने धावत जाऊन ते सांगितले, तेव्हा आत प्रार्थना करत बसलेल्यांनीच तिला वेडी ठरवले. म्हणजे ज्या प्रार्थनेला होकार मिळाला ती करणाऱ्यांचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसत नव्हता. होकार आणि नकार यांचा हिशेब विश्वासाच्या वजनावर होत असता, तर त्या रात्री पेत्र तुरुंगातच राहिला असता.

मोशेने कनान देश पाहू दे अशी काकुळतीने विनंती केली आणि देवाने त्याला पुन्हा तो विषय काढू नकोस असे सांगितले, हे अनुवादाच्या तिसऱ्या अध्यायात आहे.

आणि गेथशेमाने, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची बाग. तेथे प्रत्यक्ष पुत्राने, म्हणजे येशूने, तीनदा तीच प्रार्थना केली की शक्य असल्यास हा प्याला टळावा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की त्याने मोठ्याने आक्रोश करत व अश्रू गाळत प्रार्थना केल्या आणि त्या ऐकण्यात आल्या. ऐकण्यात आल्या, आणि तरीही दुसऱ्या दिवशी वधस्तंभ होताच. मग ऐकणे म्हणजे काय झाले? लूक सांगतो की स्वर्गातून एक देवदूत येऊन त्याला शक्ती देताना दिसला. माझ्या सगळ्या प्रश्नाचे टोक या एका वचनावर येऊन थांबते. संकट टळले नाही, परंतु पित्याने त्याच्याकडे पाठही फिरवली नाही. पुढची रात्र काढण्याइतके बळ तेथल्या तेथे पोहोचले. कृपा म्हणतात ती याच बळाला, असे मला आज वाटते.

आपल्या मराठी भूमीतले उदाहरण द्यायचे तर मी पंडिता रमाबाईंचे देईन. दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये पती गेले आणि तान्ही मनोरमा मांडीवर राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर दुःखाने त्यांची पाठ सोडली असे झाले नाही. ज्या मुलीच्या हाती केडगावच्या मुक्तिसदनाचा कारभार जायचा होता ती एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा वृद्ध होत्या, त्यांना ऐकू कमी येत होते, आणि मूळ इब्री व ग्रीक भाषांतून मराठीत शास्त्र आणण्याचे त्यांचे काम शेवटच्या टप्प्यावर होते. त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून बाहेर आले. मी केडगावला गेले आहे. आपण रमाबाईंच्या साक्षी सांगताना १८९६-९७ च्या दुष्काळात वाचवलेल्या मुली आणि १९०५ चे आत्मिक जागरण यांच्यावर भर देतो, आणि मनोरमेच्या मृत्यूला एका ओळीत उरकतो. माझ्या मते रमाबाईंच्या आयुष्यातली कृपा समजून घ्यायची असेल तर त्या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांपाशी जास्त वेळ थांबले पाहिजे.

बहिणीचा आजार चांगला होता असे मी कधीही म्हणणार नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात देव सर्व गोष्टी मिळून कल्याणासाठी कार्य करतो असे आहे, प्रत्येक गोष्ट स्वतःच कल्याणकारक असते असे नाही. पण त्या काळात काही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या. डायलिसिसच्या खुर्चीवर बसून ती शेजारच्या रुग्णांची नावे वहीत लिहून घेत असे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करत असे. स्वतःसाठी प्रार्थना करायचे त्राण नसले तरी त्या नावांसाठी तिला ते मिळे. हे तिच्या स्वभावातून आलेले नव्हते, कारण मी तिला लहानपणापासून ओळखत होते. ते कोठून आले याचे उत्तर माझ्यापाशी एकच आहे.

आपल्या मंडळ्यांत अशा घरांशी कसे बोलले जाते, कसे बोलले जावे, आणि आपल्यापैकी कोणाला अशा नकाराच्या काळात कृपेचा अनुभव कोणत्या रूपाने आला, हे वाचायला आवडेल.

मोहरीचा_दाणा

ताई, आपल्या दुःखात मी सहभागी आहे आणि त्या विश्वासणाऱ्यांनी तसे बोलायला नको होते हे मला मान्य आहे. तरी एक भीती मांडतो. मार्काच्या अकराव्या अध्यायात, जे काही प्रार्थना करून मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा, असे प्रभू स्वतः सांगतो. विश्वासाची प्रार्थना दुखणाईताला वाचवील असे याकोब लिहितो. माझ्या आईला डॉक्टरांनी आशा सोडल्यानंतर प्रार्थनेने बरे वाटले आणि ती आज नातवंडे सांभाळते आहे. आपण ‘नाही’ या उत्तराविषयी इतके बोलू लागलो, तर पुढची पिढी मागणेच सोडून देईल, किंवा मागताना मनात आधीच नकार धरून मागेल, असे मला वाटते. मंडळीतल्या वरवरच्या प्रार्थना मी पाहतो, ‘तुझी इच्छा असेल तर’ असे पटकन म्हणून उठून जाणाऱ्या, आणि मला त्यांत नम्रतेपेक्षा निरुत्साह जास्त दिसतो.

सीनाकाठ (धागाकर्ती)

दादा, आपल्या आईंसाठी मी देवाचे मनापासून आभार मानते, आणि आपली भीती मी हलक्यात घेत नाही. मागणे सोडावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. लूकाच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाला त्रास देत राहिली म्हणून प्रभूने तिचे कौतुक केले आहे. पण गेथशेमानेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे शब्द आले ते घामाचे थेंब रक्तासारखे पडतील इतक्या तळमळीने मागणाऱ्याच्या तोंडून आले. ते मागणे टाळण्यासाठी उच्चारलेले शब्द नव्हते. आपण ज्या घाईच्या प्रार्थनांविषयी लिहिले आहे त्यांचा आणि या शब्दांचा काही संबंध नाही, हे आपलेच म्हणणे मी पुढे नेते.

संत ऑगस्टीनची आई मोनिका हिची गोष्ट येथे आठवते. आपला मुलगा ऑगस्टीन रोमला जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यावर संत सिप्रियन यांच्या स्मृतिमंदिरात रात्रभर रडत प्रार्थना करत होती, आणि त्याच रात्री तो तिला फसवून जहाजाने निघून गेला. मागणी स्पष्ट होती, प्रार्थना खरी होती, आणि उत्तर उलटे आले. रोमहून तो मिलानला गेला, तेथे त्याची बिशप अँब्रोझ यांच्याशी गाठ पडली आणि ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. देवाने आईचे त्या रात्रीचे मागणे नाकारले ते तिचे नेहमीचे मागणे पुरे करण्यासाठी, असे ऑगस्टीनने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही मी हे उदाहरण जपून वापरते, कारण मोनिकेला शेवट पाहायला मिळाला. माझ्या मेहुण्यांना अजून तसा कोणताही शेवट दिसलेला नाही, आणि त्यांना ‘थांबा, पुढे कळेल’ असे सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

मराठवाड्यातील_पाळक

हा धागा वाचून बरे वाटले. मी एका खेड्यातल्या मंडळीत आणि तिच्या आसपासच्या वस्त्यांवर सेवा करतो. आमच्याकडे मृत्यू फक्त आजाराने येत नाहीत. कोरड्या वर्षांत कर्जाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मी गेलो आहे, आणि त्यांतली काही घरे प्रार्थना करणारी होती. पावसासाठी केलेली प्रार्थना, विहिरीला पाणी लागावे म्हणून केलेली प्रार्थना, सावकाराने थोडे थांबावे म्हणून केलेली प्रार्थना; या सगळ्यांना नकार मिळालेल्या बाईपुढे पाळक म्हणून बसल्यावर तोंडात आलेली पुष्कळ वचने गिळावी लागतात.

मला वाटते की आपल्या उपासनेतून विलाप नाहीसा झाला, हे या दुखण्याचे एक कारण आहे. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, पण आपण रविवारी वाचतो ती बहुधा स्तुतीची. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मी मंडळीत प्रथम वाचले तेव्हा एका डिकनांनी (मंडळीच्या सेवकांनी) नंतर विचारले की पाळकसाहेब, आपण शेवटची वचने वाचायची विसरलात का. काहीच विसरलेले नव्हते. ते स्तोत्र अंधारातच संपते. देवाने दिलासा दिल्याचे त्यात एकही वचन नाही. आणि तरीही ते शास्त्रात आहे, म्हणजे दिलासा न मिळालेल्या माणसाची तक्रार ही सुद्धा प्रार्थना म्हणून देवाने आपल्या पुस्तकात ठेवून घेतली आहे. जेव्हा एखादी विधवा मला सांगते की तिला प्रार्थना करता येत नाही, फक्त देवाशी भांडता येते, तेव्हा मी तिला हे स्तोत्र काढून देतो.

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांविषयीही थोडे लिहितो. ते आले, त्यांनी वस्त्रे फाडली, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले. तोपर्यंत त्यांचे सगळे बरोबर होते. पुढचे कितीतरी अध्याय त्यांनी देवाची बाजू मांडण्यात घालवले आणि ‘तुझेच काही चुकले असणार’ हे नाना तऱ्हांनी सांगितले. शेवटी देवाचा कोप भडकला तो याच मित्रांवर. ईयोब देवाविषयी नीट बोलला आणि तुम्ही बोलला नाहीत, असे देव त्यांना म्हणतो, आणि ईयोबाने तर देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा केली होती. सांत्वनासाठी जाणाऱ्या प्रत्येक विश्वासणाऱ्याने घरातून निघताना बेचाळिसाव्या अध्यायाचे सातवे वचन वाचावे, असे मी आमच्या मंडळीत सांगतो. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी ‘पाप कोणी केले’ असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला, हे आपण योहानाच्या नवव्या अध्यायात वाचतो आणि तरी प्रत्येक आजाऱ्याच्या दारात तोच प्रश्न पुन्हा घेऊन जातो.

वसईचा_वाचक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी भाषा थोडी वेगळी वाटेल. आमच्याकडे नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करणारी, वांद्र्याच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि नवस पूर्ण झाल्यावर आभार मानणाऱ्यांची संख्या नेहमी डोळ्यांत भरते. ज्यांचे मागणे पूर्ण झाले नाही ती माणसे त्या गर्दीत शांतपणे उभी असतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. वधस्तंभाखाली उभी असलेली मरीया आम्ही दर उपवासकाळात आठवतो. तिला देवदूताने ‘कृपापूर्ण’ म्हटले होते, आणि जिला तसे म्हटले गेले तिच्याच डोळ्यांसमोर तिचा मुलगा मेला. कृपा आणि सुख यांना एकच समजण्याची सवय मोडायला मला एवढे पुरेसे वाटते.

मदर तेरेसांचे उदाहरण मला आणखी जवळचे वाटते. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की कोलकात्यातले काम सुरू झाल्यापासून जवळजवळ अर्धशतक त्यांना प्रार्थनेत देवाचा सहवास जाणवत नव्हता. अनेकांना त्याचा धक्का बसला, काहींनी त्यावर टीकाही केली. मला मात्र धीर आला. आम्ही साधी माणसे प्रार्थनेला बसतो आणि काहीच जाणवत नाही, तेव्हा आपल्यात काही खोट आहे असे वाटते. ज्यांना काही जाणवत नव्हते त्या पहाटे उठून मिस्साला जात होत्या आणि नंतर रस्त्यावरच्या मरणासन्न माणसांना उचलून आणत होत्या. भावना आटल्यानंतरही जी निष्ठा टिकते ती माणसाच्या स्वतःच्या बळावर इतकी वर्षे टिकेल असे मला वाटत नाही.

निवृत्त_परिचारिका

मिशन रुग्णालयात आयुष्य गेले, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, शस्त्रक्रियेच्या आधी मी रुग्णांचा हात धरून प्रार्थना केली आहे. परंतु ‘विश्वास असेल तर औषध कशाला’ असा सल्ला ऐकून गोळ्या बंद केलेले मधुमेहाचे, रक्तदाबाचे आणि फेफऱ्याचे रुग्ण पुढे किती वाईट अवस्थेत परत येतात, हेही पाहिले आहे. डायलिसिस चुकवले तर काही दिवसांत शरीरात पाणी आणि पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. त्यात विश्वासाची परीक्षा वगैरे काही नसते. वर पौलाच्या द्राक्षारसाचा उल्लेख आला तो म्हणूनच मला आवडला. पौलाबरोबर प्रवास करणारा लूक वैद्य होता हे आपण विसरतो.

दुसरी गोष्ट शोकाची. जवळचे माणूस गेल्यावर झोप न येणे, जेवण न जाणे, प्रार्थनेत मन न लागणे हे काही काळ होतेच. पण ते महिनोन्‌महिने ओसरत नसेल, माणूस कामावर जात नसेल, जगणे नको असे बोलू लागला असेल, तर त्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावे. त्याला ‘आनंदी राहा, असे प्रभूचे वचन आहे’ असे सांगू नये. एलिया संदेष्ट्याने रतामाच्या झुडपाखाली मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला दिले. १ राजे, अध्याय एकोणीस. शोकाच्या घरी प्रथम काय न्यावे हे मला त्या अध्यायाने शिकवले, आणि मी डबा नेत आले आहे.

ताई, आपल्या मेहुण्यांना उपासनेला येण्याविषयी विचारत राहू नका असे मी सुचवीन. त्यांच्या घरी जात राहा.

इंद्रायणी

मी वारकरी घरातली आहे, धाग्यात लिहावे की नाही असा विचार करत होते, परंतु धागाकर्तीने आमंत्रण दिले आहे. सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, आणि त्यांचे विठ्ठलाशी भांडण व प्रेम एकाच अभंगात चालते. विलापाला उपासनेत जागा असावी हे पाळकांचे म्हणणे आम्हाला म्हणून फार ओळखीचे वाटते. ख्रिस्ती परंपरेत रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले हे ठाऊक आहे. त्यांच्या घरातही दुःख कमी नव्हते ना?

सीनाकाठ (धागाकर्ती)

इंद्रायणीताई, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक स्वतः सांगत असत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंपासून जी ताटातूट झाली ती काही वर्षे टिकली, आणि त्या काळात लक्ष्मीबाईंनी काय सोसले हे मराठी वाचकांना त्यांच्याच लेखणीतून माहीत आहे. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले.

गंगेकाठचा_मराठी

मी नोकरीनिमित्त बंगालमध्ये राहतो आणि श्रीरामपूरला अनेकदा गेलो आहे, म्हणून तेथले मिशनरी विल्यम केरी यांच्याविषयी लिहितो. मराठीशी त्यांचा संबंध आहेच : १८०५ चे मराठी व्याकरण त्यांचे आणि मराठीतला नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरलाच छापला गेला. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली आणि अनेक वर्षांची हस्तलिखिते, खिळे आणि कागद जळून गेले. त्यानंतरच्या रविवारी केरींनी शेहेचाळिसाव्या स्तोत्रातल्या ‘शांत व्हा’ या वचनावर उपदेश केला आणि काही महिन्यांत काम पुन्हा सुरू झाले. हा प्रसंग आपल्या सभांतून नेहमी सांगितला जातो.

मला मात्र त्यांच्या पत्नीविषयी, डोरोथीविषयी बोलावेसे वाटते, कारण तिच्याविषयी सभेत कोणी बोलत नाही. तिला हिंदुस्थानात यायचे नव्हते, तिचे मन वळवून तिला आणले गेले. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर वारला आणि त्यानंतर तिचे मन ढासळले ते पुन्हा सावरलेच नाही. १८०७ मध्ये ती त्याच अवस्थेत गेली. शेजारच्या खोलीत ती ओरडत असताना केरी भाषांतर करत बसत, असे त्यांचे सहकारी लिहून गेले आहेत. केरींच्या चिकाटीत देवाची कृपा दिसते हे खरे मानले, तरी डोरोथीच्या वाट्याला काय आले हा प्रश्न बाजूला सारून ती कृपा गायची हे मला जमत नाही. एकाच्या कामाचे सोने व्हावे म्हणून देवाने दुसऱ्याचे मन मोडले, असे म्हणणाऱ्या साक्षी मला देवाची निंदा वाटतात. मला एवढेच सांगता येते की ज्याने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असे ओरडून विचारले तो प्रभू त्या दोन खोल्यांपैकी डोरोथीच्या खोलीत अधिक जवळून उपस्थित होता असा माझा विश्वास आहे.

मोहरीचा_दाणा

वरचा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार केला. माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर जी बाई होती ती वाचली नाही, आणि तिचेही घर प्रार्थना करत होते. साक्ष सांगताना मी तिचा उल्लेख कधी केला नाही. यापुढे आईची साक्ष सांगेन ती त्या घराला ऐकवता येईल अशा शब्दांत सांगेन. मागत राहावे हे माझे मत कायम आहे. मूर्तीपुढे न वाकल्यास अग्नीत टाकण्याची धमकी मिळालेल्या शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी राजाला जे उत्तर दिले त्यात दोन्ही गोष्टी आहेत हे आज नीट लक्षात आले : आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने न सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही.

पाळकसाहेब, विलापाची उपासना आपण प्रत्यक्षात कशी घेता हे कृपया लिहावे. आमच्या मंडळीत तसे काही करून पाहावे असे वाटते.

मराठवाड्यातील_पाळक

आम्ही ती शुभ शुक्रवारच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी घेतो, रविवारच्या मुख्य उपासनेत नाही, म्हणजे ज्याला यायचे तोच येतो. तेरावे आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मंडळी आळीपाळीने वाचते. विलापगीताचा तिसरा अध्याय वाचताना देवाची दया दर सकाळी नवी होते या वचनांपर्यंत घाईने जायचे नाही, त्याआधीची सगळी वचने सावकाश वाचायची, आणि त्यानंतरचीही, कारण त्या वचनांनंतर रडणे पुन्हा सुरू होते. मग बराच वेळ शांतता असते. ज्यांना हवे त्यांनी गेलेल्या माणसाचे नाव किंवा मान्य न झालेली मागणी कागदावर लिहून मेजावर ठेवायची; ते कागद कोणी उघडत नाही. उपदेश नसतो. रोमकरांसच्या आठव्या अध्यायातले सव्विसावे वचन, आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो ते, वाचून आम्ही प्रभुभोजन घेतो.

पहिल्या वर्षी थोडीच माणसे आली आणि वडीलजनांपैकी काहींना हे निराशेचे वाटले. आता बाहेरच्या वस्त्यांवरूनही लोक येतात, उपासना सोडलेली काही माणसे फक्त या एका संध्याकाळी येतात आणि मागच्या बाकावर बसतात. या सभेत साक्ष सांगण्याची सक्ती नसते, आणि नंतर चहा घेताना कोणी कोणाला ‘आता बरे वाटते का’ असे विचारू नये, एवढी विनंती मी सुरुवातीलाच करतो.